आधी खूण, मग धुणं

धाकटा परत आला तो कुणी बोलावलं म्हणून नव्हे, आणि यायची फार ओढ होती म्हणूनही नव्हे. छाती कामातून गेली, शिडीवर उभं राहून दुकानांच्या पाट्या रंगवणं जमेना, खोलीचा मालक तोंड फिरवायला लागला, आणि एका सकाळी पाय त्याला लाँड्रीच्या मागच्या दाराशी घेऊन आले. दार बाबांनीच उघडलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग बाबा बाजूला झाले, बस. ‘ये’ काही म्हणाले नाहीत. ज्या दारात उभं राहून माणूस ‘मग जा’ म्हणालेला असतो, त्याच दारात ‘ये’ म्हणायला जीभ सहजासहजी वळत नाही.

त्या ‘मग जा’ची गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. बाबा कॅल्विनपंथी, तेही कडवे. देवानं आपली माणसं जगाच्याही आधी निवडून ठेवलीत, आणि त्या निवडीत माणसाच्या लायकीचा काडीचाही संबंध नाही, हे त्यांचं म्हणणं. लाँड्रीतले कामगार ह्यावरून त्यांच्या पाठीमागे थट्टा करायचे. बॉयलर बंद पडला की म्हणायचे, ठरलेलंच होतं. धाकट्यानं तीच थट्टा एकदा तोंडावर केली. भांडणाच्या भरात म्हणाला, सगळं आधीच ठरलंय ना, मग मी हे घर सोडणंही त्यानंच ठरवलं असेल. बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते म्हणाले, मग जा. आणि हा पठ्ठ्या खरंच गेला.

आता तो वाळवणीच्या खोलीत पडून असतो. डॉक्टर म्हणाले, करण्यासारखं काही उरलेलं नाही, कोरड्या उबेत ठेवा. तशी ऊब आपल्याकडे त्या एकाच खोलीत. छताला पाइप, पाइपांतून वाफ, आणि खाली दोऱ्यांवर रांगांमागून रांगा चादरी, हॉटेलांच्या, इस्पितळाच्या. मधल्या बोळात त्याची खाट. दुपारी वरच्या झरोक्यातून ऊन उतरलं की ते चादरींतून गाळून येतं आणि सगळी खोली दुधाळ होते. पलीकडून कोण चाललंय ते कळत नाही, नुसती एक सावली ह्या चादरीवरून त्या चादरीवर जाते. धाकट्याला तिथे बरं वाटतं. झोपेची आणि जागेपणाची मधली भिंत पडलीये, असं तो म्हणतो.

आई त्याच्या उशाशी स्टुलावर बसून अभ्र्यांना बटणं लावत असते. त्या उबेत तिचेही डोळे मिटतात. मिटले की तिला तो लहान दिसतो, चादरींच्या खालून पळणारा, धुतलेल्या कपड्यांना मळके हात लावणारा. स्वप्नात ती त्याला रागवत नाही. चांगली कडक इस्त्री केलेली आख्खी चळत तो मातीच्या पायांनी तुडवतो आणि ती नुसती बघत राहते, तिला इतकं छान वाटत असतं. मग खोकल्यानं जाग येते. समोर तोच असतो, दाढी वाढलेला, हाडांचा सापळा झालेला.

तिचं मागणं एकच होतं. उद्या रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकरी वाटून घ्यायचा विधी. तिच्या बाकावर, तिच्या शेजारी त्यानं बसावं आणि भाकरीचा एक तुकडा घ्यावा. एकदाच. पुढच्या प्रभुभोजनापर्यंत तो असेल असं डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून दिसत नव्हतं, आणि आईला चेहरे बरोबर वाचता येतात.

अडचण होती ती एका वाक्याची. मंडळीच्या नवीन पाळकांनी, धर्मगुरूंनी, पद्धत घातली होती की मंडळी सोडून गेलेला कुणी परत आला, तर त्यानं आधी सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, मी माझ्या इच्छेनं प्रभूला निवडलं आहे. तोवर त्यानं शेवटच्या बाकावर बसायचं, आणि भाकरी तिथपर्यंत जायची नाही. आईनं सकाळी भीत भीत त्याच्याकडे विषय काढला.

“म्हणेन की,” धाकटा म्हणाला, “तुझ्यासाठी काय वाटेल ते म्हणेन. पण ते खोटं असेल, आई. मला आत काहीच वाटत नाही. रागसुद्धा नाही. वाटून घ्यायचा प्रयत्न केला, तर नुसता दम लागतो.”

आईनं ते थोरल्या लेकीला, ताईला सांगितलं, ताईनं मास्तरांना, आणि म्हणून शनिवारी दुपारी यंत्रं बंद झाल्यावर चौघं इस्त्रीच्या लांब टेबलाभोवती जमले. धाकटा पलीकडेच होता, लाकडी फळ्यांच्या भिंतीमागे. झोपलाय, असं सगळ्यांनी सोयीनं धरून चालायचं ठरवलं.

मास्तर म्हणजे ताईचे यजमान. शाळेत भूगोल शिकवतात, मंडळीत बायबलचं वचन समजावून सांगतात. मनानं सरळ माणूस. बाबांशी त्यांचं वाकडं एवढ्याच बाबतीत की देवानं माणसाला इच्छा दिलीये ती वापरण्यासाठी, असं त्यांचं ठाम मत आहे. लग्न ठरवायला आले तेव्हापासून हा वाद चालू आहे. दोघांपैकी एकजण घरात नसला की दुसऱ्याला करमत नाही, ही गोष्ट वेगळी. पण आज त्यांना वादाची हौस नव्हती. भिंतीपलीकडून खोकला आला की त्यांना नको नको व्हायचं. मेव्हण्याला त्यांनीच सायकल शिकवली होती, सीट धरून मागे मागे पळून.

त्यांनी आपलं म्हणणं मऊ आवाजात मांडलं. वाक्य साधं आहे. आधी सगळं आत उचंबळून यायला हवं असं कुणी म्हटलंय? माणूस पाय उचलतो, मग वाट पायाखाली येते. त्यानं आज नुसतं मनावर घ्यावं, बाकीचं देव बघेल. आणि मनावर घ्यायचंच नसेल तर नियम तो नियम, त्याचा मान ठेवावा. देव कुणावर जबरदस्ती करत नाही, आपणही करू नये. ताईनं मान डोलावली. आई बाबांकडे बघत होती.

बाबांनी टेबलावरची एक घडी उगाचच सरळ केली आणि म्हणाले, त्यानं ते वाक्य म्हणायचं नाही. मी म्हणू देणार नाही.

पलीकडच्यालाही सकाळी ते वाक्य खोटंच वाटलं होतं. बाप आणि लेक, ज्यांचं एकमेकांशी अजून एक धड वाक्य झालेलं नव्हतं, ते आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला आले होते, आणि तेही आईच्या विरुद्ध. ताईला हसावं की कपाळाला हात लावावा कळेना.

मास्तरांचा आवाज जरा चढला. हीच तुमची शिकवण मला कधी पटली नाही, बाबा, असं ते म्हणाले. माणूस मरायला टेकलाय, एक पाऊल टाकायला सांगतोय आपण, आणि तुम्ही म्हणता पाऊल टाकूच नकोस. मग माणूस कशाला केला देवानं? कळसूत्री बाहुल्या केल्या असत्या.

“मास्तर,” बाबा म्हणाले, “हिच्याशी लग्न केलंत ते स्वतःच्या मर्जीनं ना?”

“अर्थात.”

“ही आवडायला हवी, हे कधी ठरवलंत?”

ताईनं खाली मान घालून थंड इस्त्रीचा दांडा पुसायला घेतला. लाजलीच ती, ह्या वयात.

“नाही ठरवलंत,” बाबा म्हणाले. “ती आवडली, मग तुम्ही आपल्या पायांनी आलात. कुणी फरफटत आणलं नाही. मी कुठे म्हणतो माणसाला मर्जी नाही? मर्जीप्रमाणेच वागतो तो. पण हवंसं वाटणं स्वतःच्या हातानं उत्पन्न करता येत नाही. ते दिलं जातं. त्या पोरानं सकाळी आईला जे सांगितलं ना, ते तुमच्या शंभर प्रवचनांपेक्षा खरं आहे. प्रयत्न केला तर दम लागतो म्हणाला. लागणारच.”

मास्तर मागे हटणाऱ्यांतले नाहीत. मग हे न्यायाचं कसं, असं त्यांनी विचारलं. एकाला द्यायचं, दुसऱ्याला नाही.

इथे बाबांनी लाँड्री मध्ये आणली. आपल्याकडे गाठोडं आलं की पहिल्यांदा प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं मालकाची खूण घालतात. मळका, डाग पडलेला, वास मारणारा, जसा असेल तसा. खूण झाल्याशिवाय एकही कपडा पाण्यात जात नाही. ताई नवी नवी कामाला लागली तेव्हा तिला त्या कपड्यांची किळस यायची. तिनं डोकं चालवलं आणि कुणाला न सांगता धुऊन झाल्यावर खुणा घालायच्या ठरवल्या. सगळ्या चादरी सारख्याच शुभ्र निघाल्या, आणि कुठली कुणाची हे कुणालाच सांगता येईना. हॉटेलवाला एकीकडे, इस्पितळवाले दुसरीकडे, आठवडाभर नुसता गोंधळ.

“स्वच्छ निघाल्यावर खूण घालायची म्हटलं तर असंच होतं,” बाबा म्हणाले. “तुम्ही विचारता न्याय कसला. न्यायानं बघायचं तर सगळ्याच चादरी मळक्या, मास्तर. माझ्यासकट. मालकानं त्यातल्या कुणावर आपली खूण का घातली ते मला ठाऊक नाही. पण स्वच्छ होती म्हणून नाही घातली, एवढं मला छातीठोक ठाऊक आहे.”

“चादर घर सोडून जात नाही, बाबा,” मास्तर हळूच म्हणाले. “तुमचा मुलगा गेला.”

हे लागलं. बाबा खिडकीकडे बघत राहिले. काचेवर वाफ धरली होती आणि बाहेरचा रस्ता पाण्याखाली असल्यासारखा दिसत होता, माणसं हळूहळू तरंगत चालल्यासारखी.

ताईनं इस्त्री खाली ठेवली. इतका वेळ ती नवऱ्याच्या बाजूला होती. बाबांचं ते खुणेचं ऐकताना मात्र तिच्या मनात काहीतरी हललं होतं. ती बाबांची लाडकी, घरात बाबांना उलटून विचारायची सोय तिलाच. पण आज ती उलटून विचारत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि ते मास्तरांकडे नाही हे तिला नुकतंच कळलं होतं. भावानं उद्या ते वाक्य नुसतं म्हणून टाकलं असतं, तर तिला आनंद झाला असता आणि विश्वास बसला नसता.

“तुम्ही रोज पहाटे त्याचं नाव घेऊन प्रार्थना करता,” ती म्हणाली. “तुम्हाला वाटतं कुणाला ऐकू येत नाही. सगळं ठरलेलंच आहे, तर मागता कशाला?”

“दुसऱ्या कुणाकडे मागू?” बाबा म्हणाले. “त्याच्या स्वतःच्या हातात असतं, तर मी त्याचे पाय धरले असते. देवाच्या हातात आहे म्हणून देवाकडे मागतो.”

“आणि खूण? आहे त्याच्यावर? दिसते तुम्हाला?”

“नाही दिसत. देव ती आपल्याला दाखवत नाही.”

“मग तुम्ही त्याला जा कसं म्हणालात?”

ती रागानं म्हणाली नाही, म्हणूनच ते फार आत गेलं. मास्तरांनी टेबलाखाली तिचा हात दाबला, जाऊ दे म्हणून. इतकी वर्षं हा प्रश्न आईच्या मनात होता आणि तिनं तो एकदाही ओठांवर येऊ दिला नव्हता. दुसऱ्या कुणीतरी तो विचारला आणि तिला एकदम हलकं वाटलं, आणि मग नवऱ्याची दयाही आली. बाबा उठले. वाळवणीच्या खोलीत गेले.

स्वतःच्याच खोलीत ते वाट चुकले. डावीकडच्या बोळात शिरले तर समोर नुसत्या चादरी. एक बाजूला सारली तर मागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. ऊबदार कापड तोंडाला लागत होतं, कानांवरून सरकत होतं. ह्या चादरींत त्यांचा जन्म गेला होता, पण आज त्या कुठल्या तरी दुसऱ्याच जागच्या वाटल्या. त्यांना वाटलं, आपण असेच चालत राहू आणि शेवटची चादर कधी येणारच नाही, आणि त्यात फारसं वाईट नाही. मग त्यांनी श्वास ऐकला, घरघरणारा, आणि त्या आवाजाच्या मागे मागे जात खाटेपाशी पोचले. आईच्या स्टुलावर बसले.

धाकट्याचे डोळे उघडे होते.

“ऐकलं सगळं,” तो म्हणाला. “फळ्याच आहेत नुसत्या.”

बाबांनी मान हलवली. वर पाइपात पाणी टकटक करत होतं.

“आत कोण आणि बाहेर कोण, हे सांगायचं काम देवाचं,” बाबा म्हणाले. “त्या दिवशी ते मी माझ्या हातात घेतलं. माझी शिकवणच मी मोडली. चुकलो मी.”

त्यांना वाटलं होतं, हे म्हटल्यावर काहीतरी होईल. काहीच झालं नाही. धाकटा वर बघत राहिला. ऊन उतरत चाललं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर चादरींचा पांढरेपणा तेवढा उरला होता.

“आणि देव मला नाही म्हणत असेल तर?” त्यानं विचारलं.

हो म्हणतोच आहे, असं सांगायला बाबांचा जीव कासावीस झाला. कुठल्या बापाचा होणार नाही? पण ते खोटं बोलायचे नाहीत. हा एक त्यांचा गुण म्हणा, दोष म्हणा.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

“मला भीती वाटते, बाबा.”

“कधीपासून?”

“आत्तापासून. तुम्ही पलीकडे बोलत होता तेव्हापासून. सकाळी काहीच वाटत नव्हतं. आता वाटतं की मी नसलो त्याचा, तर काय करू.”

मास्तर समोर असते तर बाबांनी ह्यावर तासभर बोलून दाखवलं असतं. आता त्यांनी नुसता हात पुढे करून मुलाच्या कपाळावर ठेवला. तो लहान असतानाही त्यांनी असं फार वेळा केलेलं नव्हतं.

“ज्याला तो नकोच असतो, त्याला ही भीती नसते,” ते म्हणाले. “ही तू आणलीस?”

धाकट्यानं विचार केला. “नाही,” तो म्हणाला. “आली.”

“मग येऊ दे.”

धाकटा रडला. आवाज न करता, कारण दम नव्हता. बाबांनी दोरीवरचा एक अभ्रा ओढला आणि त्याचे डोळे पुसले, नंतर स्वतःचे. मग म्हणाले, ते वाक्य नको म्हणूस. मलाही ते कधी खरेपणानं म्हणता आलं नसतं. उद्या दोघं शेवटच्या बाकावर बसू.

रविवारी धाकट्याला लाँड्रीच्या गाडीतून नेलं, धुतलेल्या गाठोड्यांना टेकवून. बाबांची मंडळीतली जागा पहिल्या बाकावर. तिथे न जाता ते त्याला घेऊन शेवटच्या बाकावर बसले, तेव्हा बरीच डोकी मागे वळली. पाळकांनी विचारलं, कुणाला उभं राहून काही सांगायचं आहे का. शेवटच्या बाकावरून कुणी उठलं नाही. उठली ती आई. पण ती काही बोलली नाही. आपल्या बाकावरून निघून सगळ्यांच्या देखत मागे आली आणि मुलाच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिला शेजारी तो हवा होता, तो तिला मिळाला. बाकीच्यावर तिनं मनोमन पाणी सोडलं होतं.

भाकरीची थाळी फिरवायची पाळी त्या दिवशी मास्तरांची होती. ते एकेक बाक करत मागे आले. शेवटच्याच्या आधीच्या बाकापाशी वळायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते वळले नाहीत. थाळी हातात धरून उभे राहिले, आणि त्यांचं तोंड शाळेत धडा विसरलेल्या मुलासारखं झालं. पाळक पुढून बघत होते. मास्तर एक पाऊल पुढे आले आणि त्यांनी थाळी मेव्हण्यासमोर धरली.

धाकट्यानं थाळीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मग हात पुढे केला आणि तुकडा उचलला.

तो गेला त्याला आता बरेच दिवस झाले. पाळकांनी मास्तरांना बोल लावला, तो त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतला आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तसंच करीन म्हणाले. बाबांशी त्यांचा वाद मात्र त्या दिवसापासून नव्यानं पेटलाय. मास्तर म्हणतात, मी थांबलो, माझ्या मर्जीनं थांबलो, कुणी मला थांबवलं नाही. बाबा म्हणतात, थांबलात हे कबूल, पण थांबावंसं वाटलं ते कुठून आलं? ताई कधी ह्या बाजूला असते, कधी त्या.

आई त्यात पडत नाही. फारच लावून धरलं तर बटण लावता लावता मान वर करून एवढंच म्हणते, कुणी का थांबवेना, थाळी थांबली.